दर्यालगतची हवा

टँपा, फ्लोरिडा. शुक्रवार, रात्र.

नोआचं, म्हणजे अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचं, वादळात शिरणारं पी-३ विमान लोकांना बघायला खुलं ठेवलं होतं, आज आत जाऊन आले. बाहेर त्याच्या अंगावर भेदलेल्या वादळांच्या खुणा रांगेनं चिकटवल्या आहेत, सगळे तिथेच फोटो काढत होते. मला बघायची होती ती नळी. वीतभरही रुंद नाही. अशाच नळीतून २०१४ साली एडुआर्ड वादळात कायोटी नावाचं ड्रोन सोडलं होतं. पंखांची घडी घालून ते डब्यात बसवतात. बाहेर पडलं की आधी पॅराशूट, मग दीड मीटरचे पंख उघडतात, मोटर सुरू होते आणि सहाएक किलोचं ते यंत्र वादळाच्या डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या, ढगांच्या भिंतीकडे निघतं. परत यायचं नसतंच. तासाभरानं बॅटरी संपते आणि ते समुद्रात पडतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर समुद्रालगतच्या काही शे मीटर हवेसाठी. वादळाला बळ मिळतं ते तिथे. गरम पाण्याची वाफ वर चढते, तिच्यातली उष्णता ढगांत मोकळी होते, आणि त्याच वेळी लाटा वाऱ्याला अडवत असतात. मिळतं किती आणि घासून जातं किती, या हिशोबावर वादळ चढणार की ओसरणार हे बरंचसं ठरतं. नेमकी हीच जागा माणसाला बंद आहे. १५ सप्टेंबर १९८९ रोजी बार्बाडोसच्या पूर्वेला ह्यूगो वादळात नोआचं असंच एक विमान साधारण साडेचारशे मीटर उंचीवरून आत शिरलं. भिंत ओलांडताना एका इंजिनाला आग लागली, विमान डोळ्यात कसंबसं पोचलं आणि तिथेच अडकलं. हवाई दलाच्या दुसऱ्या विमानानं भिंतीची त्यातल्या त्यात मवाळ बाजू शोधून दिली, म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून एवढ्या खालून तीव्र वादळात शिरणं बंद झालं. आता विमानं अडीच-तीन किलोमीटरवरून जातात.

वरून ड्रॉपसोंड टाकतात. हातभर लांबीची पुठ्ठ्याची नळी, तिला छोटं पॅराशूट. दाब, तापमान, बाष्प, वारा सगळं मोजत ती काही मिनिटांत पाण्यात जाते. तिनं खूप शिकवलं. वारा एका मर्यादेपलीकडे गेला की समुद्राच्या पृष्ठभागाचा वाऱ्याला होणारा अडथळा वाढायचा थांबतो, हे २००३ साली या नळ्यांच्या मोजमापांतूनच पुढे आलं. पण ज्या थरात थांबायला हवं, त्यातून ती क्षणांत निघून जाते. ड्रोन तिथे थांबतं, पुढं-मागं होतं, वादळासोबत फिरतं. गमवायला परवडेल असं यंत्र हवं ते याचसाठी. महागडं यंत्र त्या भिंतीत घालायला कुणाचा हात धजणार?

२८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन वादळ दक्षिणेला फोर्ट मायर्सच्या बाजूला सरकलं, तेव्हा वाऱ्यानं आमच्या खाडीचं पाणी बाहेर ओढून नेलं होतं. खाडीकाठच्या बेशोअर रस्त्याच्या कठड्यापुढे नुसता चिखल, शिंपले, आणि त्यात उतरलेली माणसं. त्याच दिवशी नोआनं इयनमध्ये अल्टियस-६०० हे ड्रोन सोडलं. हे कायोटीपेक्षा मोठं, कितीतरी जास्त वेळ हवेत राहू शकणारं. वादळाची वाट आता पूर्वीपेक्षा खूप चांगली सांगता येते, ते चढणार किती हे सांगणं अजून अवघड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस एका दिवसात साध्या वादळाचं पाचव्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या श्रेणीचं झालं आणि रात्री मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आदळलं. झोपायला गेलेल्या माणसांना पुरेसा इशाराच मिळाला नाही. हे वाचलं की मला बसवत नाही.

संध्याकाळी दिवेआगरला फोन लावला. दादा वाडीत निघालाच होता. त्याला ड्रोनचं सांगितलं, तर म्हणाला, "तुमच्याकडे विमान आत जातं गं. निसर्ग वादळ आलं तेव्हा आत काय चाललंय ते बघायला कोण गेलं होतं?"

कुणी नाही. ३ जून २०२० च्या दुपारी ते श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं. आपल्याकडे वादळात नेमानं शिरणारी विमानं नाहीत. उपग्रहाच्या चित्रातला ढगांचा आकार पाहून ताकदीचा अंदाज बांधायचा, किनारा जवळ आला की रडार, आणि समुद्रात थोडे तरंगते बोये. हवामान खात्यानं इशारे वेळेवर दिले, लाखभर माणसं हलली, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. पण पोफळी कुठे हलवणार? रोठा जातीच्या सुपारीच्या बागा एका दुपारीत मोडून पडल्या, आणि नव्या रोपाला सुपारी धरायला वर्षं जातात.

ड्रोनमुळे पोफळी वाचल्या नसत्या. पण तौक्ते आलं, बिपरजॉय आलं, अरबी समुद्र तापतोय. निदान पश्चिम किनाऱ्यासाठी एक विमान आणि त्याच्या पोटात अशी दहा-वीस ड्रोन असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. दादा म्हणाला, "मग लिही की हे नीट, मराठीत. इथे ग्रामपंचायतीत वाचून दाखवतो." रविवारी बसून लिहून काढते.