मंद्र पंचम गेला कुठं?

कोजागिरीच्या कार्यक्रमाची तालीम आमच्याकडे होती, जुळे सोलापुरातल्या घरी, वरच्या खोलीत. गाणाऱ्या वहिनींची पट्टी काळी पाच, म्हणजे सा पाचव्या काळ्या पट्टीवर. मी कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायचं, उणेचं बटण दोनदा दाबलं आणि सुरू केलं. पहिला अंतरा छान झाला. मुखड्यावर परत येताना त्या हळूच मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प वर, उतरतात, ती जागा मला फार आवडते. मी पंचम दाबला आणि पेटीच्या जागी स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारख्या तारवाद्यांचा आवाज) वाजल्या. वहिनी थांबल्या. "भाऊजी, खालचा पंचम गेला कुठं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला आठवडा लागला. आपल्याकडे भजनाला, भावगीतांना एक कीबोर्ड आणि एक टॅबलेट घेऊन बसणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी माझी मांडणी सांगतो. कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, टॅबलेट आयपॅड. पूर्वी मी स्कूटरवर दोन कीबोर्ड न्यायचो, एक पेटीच्या आवाजाला आणि एक स्ट्रिंग्जला. आता एकाच कीबोर्डचे दोन भाग करतो. डाव्या हाताला स्ट्रिंग्ज, उजव्या हाताला पेटी, आणि दोन्ही आवाज आयपॅडमधल्या दोन वेगळ्या ॲपमधून येतात.

मिडी म्हणजे कीबोर्ड आणि आयपॅडची आपसात बोलायची भाषा. तिच्या वायरीतून आवाज जात नाही, आकडे जातात, ही गोष्ट पक्की डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं होतं. १९८३ साली मिडी आलं तेव्हापासून हेच चालत आलंय. पट्टी दाबली की कीबोर्ड एवढंच कळवतो: अमुक नंबरचा सूर, इतक्या जोरात. ० ते १२७ असे एकूण १२८ नंबर, मधला सी म्हणजे ६०. माझ्या कीबोर्डची पहिली पट्टी ३६ नंबरची आणि शेवटची ९६ नंबरची. हे नंबर ऐकून आवाज काढायचं काम ॲपचं.

मी दोन्ही ॲप एयूएम या होस्टमधून, म्हणजे बाकीची ॲप एकत्र जोडणाऱ्या ॲपमधून, चालवतो. तिथे प्रत्येक वाद्याकडे जाणाऱ्या वाटेवर चाळणी लावता येते, की या नंबरपासून त्या नंबरपर्यंतच सूर आत सोड. स्ट्रिंग्जला मी ३६ ते ५४ दिलं आणि पेटीला ५५ ते ९६. ५५ का, तर सा ६० वर धरला की ५५ म्हणजे मंद्र पंचम. आमची बहुतेक गाणी त्याच्या खाली जात नाहीत. उजव्या हाताला पंचमापर्यंत उतरता आलंच पाहिजे, म्हणून फाळणी मुद्दाम तिथेच ठेवली.

एक सावधगिरी इथेच सांगतो. चाळणी लावताना सुराच्या इंग्रजी नावावर जाऊ नका, नंबर बघा. मधल्या सीला यामाहाच्या पद्धतीत सी ३ म्हणतात आणि बाकी बऱ्याच ठिकाणी सी ४. माझ्या दोन ॲपमध्ये हाच फरक होता. नावं जुळवून फाळणी केली तर एक अख्खं सप्तक दोन्हीकडे वाजत होतं.

आता पंचमाकडे येतो. ट्रान्सपोज उणे दोन केलं की कीबोर्ड पाठवतानाच दोन वजा करून नंबर पाठवतो. मी ५५ ची पट्टी दाबली, आयपॅडला पोचला ५३. चाळणीच्या हिशेबाने ५३ म्हणजे डावा भाग, म्हणून स्ट्रिंग्ज. शेजारच्या कोमल धैवताचंही तसंच, ५६ दाबला की ५४. आयपॅडला माझी बोटं दिसत नाहीत, त्याला फक्त नंबर दिसतो. फाळणीची रेघ माझ्या बोटांखालून दोन पट्ट्या उजवीकडे सरकली होती. वहिनींचा पंचम बरोबर त्या दोन पट्ट्यांत सापडला.

ऑक्टेव्हच्या, म्हणजे अख्खं सप्तक वर-खाली करायच्या, बटणाचंही तेच. एकदा वर दाबलं की सगळ्या नंबरांत १२ मिळतात आणि डाव्या हाताच्या १९ पट्ट्यांपैकी सातच उरतात.

उपाय एकच आहे: आधी चाळणी, मग ट्रान्सपोज. कीबोर्डवरचं ट्रान्सपोज कायम शून्यावर ठेवायचं. सूर चाळणीतून गेल्यावर, होस्टच्या आत, दोन्ही वाटांवर उणे दोन करायचं. मग रेघ बोटांखाली जिथल्या तिथे राहते आणि गाणं काळी पाचमध्ये येतं. माझे वडील साखर पेठेतल्या भजनी मंडळात स्केल चेंजर पेटी वाजवायचे. तिच्यात अख्ख्या पट्ट्या सरकवून सा बदलतात. ते पट्टी सरकवली की आधी एकदा खालपासून वरपर्यंत सूर फिरवून बघायचे, मगच भजनाला हात घालायचे. ती सवय मी आता उचलली आहे. गाणं सुरू होण्याआधी रेघेच्या दोन्ही बाजूंच्या चार चार पट्ट्या वाजवून बघतो.

एवढं करूनही दुसऱ्या तालमीला डाव्या हाताला स्ट्रिंग्जबरोबर पेटी वाजायला लागली. ही चूक जास्त फसवी होती. चाळणी दहा वेळा तपासली, ती बरोबरच होती. कारण असं निघालं की पेटीचं ॲप जुन्या पद्धतीचं आहे, होस्टच्या आत उघडत नाही, मागे स्वतंत्र चालतं. आणि ते कीबोर्डचं थेट ऐकत होतं! माझी चाळणी त्याच्या वाटेवर नव्हतीच. शिवाय उजव्या हाताचा प्रत्येक सूर त्याला दोनदा पोचत होता, एकदा थेट आणि एकदा होस्टमधून. म्हणून पेटीचा आवाज पातळ, पत्र्यासारखा येत होता, आणि मी मात्र स्पीकरला दोष देत बसलो होतो. त्या ॲपच्या स्वतःच्या मिडी सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डच्या नावापुढची खूण काढली, फक्त होस्टकडून येणारं चालू ठेवलं, आणि पेटी परत पेटीसारखी झाली. तुमच्याकडे फाळणी करूनही दोन्ही आवाज येत असतील तर पहिल्यांदा इथेच बघा. बरीच ॲप मुळातच समोर दिसेल त्या कीबोर्डचं ऐकायला तयार बसलेली असतात.

पायातल्या पेडलचं थोडक्यात. पेडलला सुराचा नंबर नसतो, तो कंट्रोलर ६४ या वेगळ्या संदेशाने जातो, त्यामुळे सुरांची चाळणी त्याला अडवत नाही. स्ट्रिंग्ज धरून ठेवायला मला पेडल हवंच, पण तेच पेटीला पोचलं की सगळे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. पेटीच्या वाटेवर कंट्रोलर ६४ बंद केला. तिथेच जोरही एकसारखा केला, कारण खऱ्या पेटीत आवाज भात्यावर असतो, बोटाच्या दाबावर नाही.

आणि ऊन. ॲपल कंपनी आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार असतो. पत्र्याच्या मांडवात तर विचारूच नका. मी उन्हाळ्यात कव्हर काढून, स्टँडवर उभा करून, मागून छोट्या पंख्याचा वारा देतो. स्क्रीनचा उजेडही कमी ठेवतो.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम झाला. दूध आटत होतं, पोरं पळत होती. मुखड्यावर येताना वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पंचमावर उतरल्या. खाली पेटी होती, तीच, भरलेली. त्या तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या.

पुढच्या कार्यक्रमाला नव्या गायिका आहेत, काळी चार सांगितली आहे. दोन्ही वाटांवर उणे चार करून वेगळ्या नावाने सेव्ह केलंय. कीबोर्डवरच्या ट्रान्सपोजच्या दोन्ही बटणांवर आता चिकटपट्टी लावलेली आहे.