तिरडीजवळचा शॉट

पडद्यावर कुत्रं दुःखी दिसतं तेव्हा ते बहुतेक वेळा कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मुठीकडे बघत असतं. मुठीत कोंबडीच्या उकडलेल्या काळजाचा हरभऱ्याएवढा तुकडा असतो. मूठ सावकाश खाली नेली की नजर खाली उतरते, डावीकडे नेली की मान वळते. सिनेमासाठी कुत्री तयार करणं हे माझं काम. वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात झालेला एक शॉट अजून डोक्यातून जात नाही, कारण त्यात माझी कुत्री ठकी माझ्या मुठीकडे बघतच नव्हती.

चित्रपटाची गोष्ट साधी होती. गावात एकटा राहणारा म्हातारा, त्याची कुत्री, शहरातला मुलगा. म्हातारा जातो, कुत्री मागे राहते. दिग्दर्शकाला लॅब्रॅडॉर नको होता, देशी कुत्रीच हवी होती. हा निर्णय मला मनापासून आवडला, पण त्याचा भार कुणाला कळत नाही. लॅब्रॅडॉर घेतला तर सारख्या दिसणाऱ्या दोन-तीन कुत्र्यांची जुळणी होते. एक पळण्यासाठी, एक बसण्यासाठी, एक जवळच्या शॉटसाठी. देशी कुत्र्यांत एका वेतातली पिल्लंसुद्धा सारखी नसतात. ठकी तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. तिची बहीण तशीच, पण पट्टा अर्धाच. म्हणून पाठमोरं पळणं आणि लांबचे शॉट बहिणीकडे, आणि चेहरा दिसेल ते सगळं ठकीकडे. जवळच्या शॉटला तिला बदली नाही, म्हणजे ती थकली की दिवस थांबला. निर्मात्याला हे कागदावर लिहून दिलं तरी शूटिंगच्या दिवशी ते नव्यानेच ऐकल्यासारखा चेहरा करतात.

मूळ पटकथेत ठकी चितेपर्यंत जात होती. रायगडावरच्या वाघ्याची दंतकथा आपल्याकडे इतकी मुरली आहे की स्वामिनिष्ठ कुत्रं लिहायला बसलेल्या प्रत्येक मराठी लेखकाला चिता दिसतेच. पण सादरीकरणातल्या प्राण्यांच्या नोंदणीचे 2001 चे नियम स्पष्ट आहेत: प्राणी आगीजवळ न्यायचा नाही. काम करून घेण्यासाठी उपाशी किंवा तहानलेला ठेवायचा नाही, गुंगीचं औषध द्यायचं नाही, आजारी, जखमी किंवा गाभण असेल तर उभा करायचा नाही, निसरड्या जमिनीवर चालवायचा नाही, मुद्दाम अचानक मोठा आवाज करायचा नाही. प्राणी काय करणार, किती वेळ करणार, त्याला कसं शिकवलं, हे सगळं पशुवैद्याच्या दाखल्यासह आधी प्राणी कल्याण मंडळाला कळवावं लागतं, आणि मंडळाचं ना-हरकत पत्र नसेल तर सेन्सॉरचं काम अडतं. हे मंडळ 1960 च्या कायद्याखाली 1962 मध्ये स्थापन झालं, रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्ष. नियम मी भिंतीवर लावते, कारण सेटवर ‘एकदाच करू ना, ताई’ म्हणणाऱ्याला माझ्या शब्दापेक्षा छापील कागद लवकर पटतो. चिता कापली आणि प्रसंग ओसरीवर आला. तिरडी उचलण्याआधी ठकी आत येते, मालकाचा हात हुंगते, शेजारी बसते, हनुवटी टेकते.

हनुवटी टेकणं ही आमच्या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट, आणि तीच सर्वांत जास्त वेळ खाते. सुरुवात चौपदरी घडी घातलेल्या फडक्यापासून. फडकं माझ्या तळव्यावर. ठकीची हनुवटी त्याला लागली की लगेच तुकडा. मग फडकं जमिनीवर, मग माझ्या मांडीवर, मग परक्या माणसाच्या मांडीवर. वेळ एका सेकंदापासून हळूहळू वाढवायची. घाई केली की कुत्रं हनुवटी टेकून लगेच उचलतं आणि तेवढंच शिकतं, मग ते मोडायला दुप्पट कष्ट. फडकं दरवेळी थोडं लहान कापत जायचं, शेवटी रुपयाएवढं राहतं आणि ते धोतराच्या घडीखाली सरकवलं तरी तिला सापडतं. बक्षीस वरून टाकायचं नाही, दोन पंजांच्या मधे ठेवायचं. नाहीतर डोकं वर उचललं की खायला मिळतं असा तिचा समज होतो.

नजरेसाठी आणखी एक गोष्ट आहे. कुत्र्यांच्या भुवईच्या आतल्या टोकाशी एक स्नायू असतो, तो ती वर ओढतो आणि डोळे मोठे, केविलवाणे दिसतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कुत्र्यांत हा स्नायू नीट विकसित असतो, लांडग्यांत मात्र तो जेमतेम. आम्हाला त्याचा उपयोग असा: कुत्रं आडवं असताना मूठ लेन्सच्या थोडी वर धरायची. डोकं न उचलता वर बघायचं म्हटलं की भुवई आपोआप चढते. प्रेक्षक रडतो तो या भुवईला.

त्यात सिंक साउंड, म्हणजे शॉटसोबतच आवाज मुद्रित होणार असला, की तोंडाने आज्ञा नाही आणि ‘बरोबर केलंस’ सांगणारा टिकटिक आवाजाचा क्लिकरही नाही, बूममध्ये, म्हणजे काठीवरच्या माइकमध्ये, तो टक्कन येतो. सगळं हाताच्या खुणांवर. गळ्यातला बिल्ला काढायचा, लाकडी फळ्यांवर नखं वाजू नयेत म्हणून चौकटीबाहेरच्या वाटेवर सतरंजी टाकायची. सकाळचं खाणं हलकं ठेवायचं, दिवसाच्या अन्नातला बराच भाग तुकड्यांतूनच पोटात जातो. मार्चअखेरीस वाईत अकरा वाजता वाड्याच्या चौकातली फरशी तापते. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्रं त्यावरून चालवायचं नाही.

अण्णांची, म्हणजे म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या ज्येष्ठ नटाची आणि ठकीची गट्टी तालमींत जमली होती. शूटिंगच्या आधीपासून तिचं रात्रीचं जेवण त्यांच्याच हातून. मेलेल्या माणसाचा प्रसंगही आम्ही बसवला होता: अण्णा चटईवर आडवे, छातीपर्यंत पांढरी चादर, ठकी उंबऱ्यातून आत, हात, हनुवटी. ती हे खेळ म्हणून करायची.

त्या सकाळी ओसरीवर आले तेव्हा अण्णांच्या नाकात कापूस होता. ओठांवर तुळशीचं पान, कपाळावर बुक्का, अंगावर गुलाल आणि अत्तर, पायाचे अंगठे दोरीने बांधलेले, शेजारी हिरव्या बांबूची तिरडी. मेकअप आणि आर्ट या दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं, कुणाही मराठी माणसाला ते चित्र खरं वाटावं इतकं. फक्त यातलं काही ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे प्रसंगाला काय काय लागणार त्या यादीत, नव्हतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. सहायक दिग्दर्शकांची नवी पिढी चहाच्या कपाचा रंगसुद्धा ग्रुपवर टाकते, पण नटाचा वास बदलणार आहे ही माहिती कुत्र्याच्या माणसाला लागते हे त्यांच्या गावी नसतं. मी अर्धा तास मागितला, पंधरा मिनिटं मिळाली. तेवढ्यात ठकीला दाराबाहेरून कापूस आणि बुक्क्याची पुडी हुंगायला दिली. दोन्हींकडे तिने शांतपणे पाहिलं, काळजाचा तुकडा खाल्ला. दिग्दर्शकाशी ठरलं: ‘कट’ तोच म्हणेल, पण मी ‘ठकी, ये’ म्हटलं की शॉट तिथेच थांबेल.

क्लॅप झाली. बायकांच्या घोळक्यातल्या एका कलाकार बाईंनी टाहो फोडला; आवाज मोठा, पण अचानक नाही, तालमीतलाच. ठकी उंबऱ्यावर थांबली. नाक वर करून हवा हुंगली. मग अंग जमिनीलगत करून आत आली. अण्णांचा हात हुंगला आणि तिची शेपूट किंचित हलली. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं. मग ती चेहऱ्याकडे गेली.

नाकातल्या कापसापाशी ती गोठली. पुढचा उजवा पंजा हवेत तसाच. जीभ एकदा नाकावरून फिरली, मग परत. मान बाजूला वळवली पण डोळे अण्णांवरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसली. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली. अण्णा कसलेले नट, त्यांनी श्वास धरून ठेवला होता. तिने नाकाने त्यांची हनुवटी ढकलली. काही होईना, तेव्हा पंजा छातीवर ठेवला, ओढला, आणि घशातून एक बारीक, उंच आवाज काढला. तो मी तिला कधी शिकवला नव्हता.

मॉनिटरमागे कुणी हलत नव्हतं. दिग्दर्शकाने हात वर केला होता, कुणी बोलू नये म्हणून. लाइटमनपैकी एकाने डोळे पुसले. मी म्हटलं, ‘ठकी, ये. अण्णा, उठा!’

अण्णा लगेच उठून बसले, कापूस काढून टाकला आणि तिला हाक मारली. ती आधी मागे सरली, एकदा भुंकली. मग पुढे होऊन तिने त्यांचं तोंड हुंगलं. श्वास येतो-जातो त्या जागी बराच वेळ नाक ठेवलं. मग नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झटकलं. ताण उतरला की कुत्री असं अंग झटकतात. मी हिरड्या पाहिल्या, गुलाबी होत्या. पाणी प्यायली. पण काळजाचा तुकडा पुढे केला तर तिने तोंड फिरवलं. माझ्यासाठी तीच शेवटची कसोटी आहे. खाण्यावर जीव असलेलं कुत्रं आवडीचा घास नाकारतं तेव्हा पुढचं काम नाही.

दिग्दर्शक म्हणाला, ‘ताई, असं परत नाही मिळणार. फक्त एकदा, हाच भाव, कॅमेरा थोडा पुढे घेऊन.’ त्याचा हेतू वाईट नव्हता. तो स्वतः गदगदला होता. मी सांगितलं की हा भाव नाही, ही भीती आहे. ओळखीचा माणूस, अनोळखी वास आणि हालचाल नाही, याचा मेळ तिला लागत नाहीये. दुसऱ्यांदा केलं तर ती अण्णांनाच घाबरू लागेल, आणि पुढचं अर्धं शूटिंग त्यांच्यासोबत आहे. हा शेवटचा मुद्दा लागू पडला. पहिला पडला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दुपारनंतर प्रसंग बांधून काढला. अण्णांनी ठकीसमोर स्वतः कापूस नाकात घातला, काढला, हसले, घास दिला, पुन्हा घातला. मग बुक्का, तिच्यासमोर. मग आडवे, पण बोलत. मग गप्प, पण श्वास चालू. पोट चौकटीबाहेर ठेवलं की श्वास कुणाला दिसत नाही. कॅमेरामनने लेन्स बदलून चौकट आवळली, बायकांचा आक्रोश नंतर वेगळा ध्वनिमुद्रित केला. ठकी आली, हात हुंगला, धोतराच्या घडीवर हनुवटी टेकली. माझी मूठ लेन्सच्या वर. भुवई चढली. शॉट उत्तम झाला, आणि शेवटी तिने काळजाचा तुकडा अधाशासारखा खाल्ला.

सेटवर दिवसभर एकच वाक्य ऐकलं, ‘तिला कळलं हो.’ जेवणाच्या पंगतीत, जनरेटरवाल्यांत, मेकअप व्हॅनपाशी. माणसांना कुत्र्याच्या डोळ्यांत आपलं दुःख बघायचं असतं आणि ते प्रेमाने बघतात, हे मी समजू शकते. पण जीभ नाकावर फिरणं, डोळ्याची पांढरी कोर, वळवलेली मान या खुणा दुःख म्हणून वाचल्या जातात, इथेच कुत्र्यांचा घात होतो. घरीही हेच. लहान मूल गळ्यात पडतं, कुत्रं मान वळवून जीभ फिरवतं, आई फोटो काढते. आणि पुढे ते चावलं की ‘अचानक चावलं’ म्हणतात.

चित्रपटात सकाळचे चार-पाच सेकंद आहेत: पंजा हवेत, मग हनुवटीला ढकलणं. तिथून कट दुपारच्या शॉटवर, हनुवटी टेकलेली. एडिटरने सांधा असा लावलाय की मला ठाऊक असूनही डोळा अडत नाही. तो बारीक आवाज मात्र खरा नाही. बूमच्या ट्रॅकवर बायकांचा टाहो होता, म्हणून साउंडवाल्याने मी पूर्वी दिलेला आवाज लावला: दाराआड चेंडू ठेवला आणि ठकी तो मागत होती तेव्हाचा. चेंडूसाठीच्या त्या कुईकुईवर लोक रडतात. दिग्दर्शक अजून म्हणतो की ते चार सेकंद नसते तर दुपारचा शॉट पोकळ वाटला असता. माझं म्हणणं उलटं आहे: दुपारचा शॉट एकटा पुरला असता, आणि ते चार सेकंद आहेत म्हणून पुढचा दिग्दर्शक माझ्याकडे ‘तसं खरंखुरं’ मागायला येईल. आलाही एक. नियमांच्या यादीत बसवून पाहिलं तर त्या सकाळी एकही कलम मोडलं नव्हतं. आग नाही, भूक नाही, औषध नाही, अचानक आवाज नाही. ओळखीचा माणूस अनोळखी करून समोर ठेवणं कुठल्याच कलमात नाही.

आता माझ्या करारात एक ओळ वाढवली आहे. ज्या नटासोबत कुत्र्याचं काम आहे त्याचा वास, चेहरा, कपडे किंवा अंगावरचं काहीही बदलणार असेल, तर ते आदल्या दिवशीच्या कॉलशीटमध्ये, म्हणजे शूटिंगच्या दिवसाच्या कामाच्या पत्रकात, हवं आणि ते सामान संध्याकाळी माझ्या ताब्यात हवं: अत्तराची बाटली, बुक्का, विग, काठी, जे असेल ते. नवा चीफ एडी, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक, विचारतो, विगसुद्धा? हो, विगसुद्धा, आणि विगाचा डिंकही.