रिपोर्ट येईपर्यंत सगळं छान होतं

काका माढ्याकडचे, उसाचे शेतकरी. शौचाला रक्त पडायला लागून दोन वर्षं झालेली. तेवढ्यात मूळव्याधीचं चूर्ण, मलम, कुणाकुणाच्या पुड्या, सगळं करून झालेलं. हातमोजा चढवून बोटाने तपासायचं मात्र एकाही डॉक्टरच्या मनात आलं नव्हतं. आम्ही ज्याला ‘पीआर’ म्हणतो ती तपासणी अर्ध्या मिनिटाची, बिनपैशाची. गाठ गुदद्वारापासून सात सेंटिमीटरवर, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर होती. तिची खालची कड बोटाला लागत होती. पेशंट लाजतो म्हणून राहून जातं, असं सगळे सांगतात. मला तर डॉक्टरच जास्त लाजताना दिसतात.

आधी एका ठिकाणी दुर्बिणीतून गाठ काढायचा प्रयत्न झाला होता, पण खाली पाणी टोचूनही ती उचललीच गेली नाही. त्याआधी तिचे इतके तुकडे तपासायला घेतले होते की खाली व्रण धरला असावा, असं सगळ्यांनी धरून चाललं. बायोप्सीत अॅडिनोमा, म्हणजे अजून कॅन्सर नाही. एमआरआयमध्ये गाठ भिंतीच्या आतच. मग ठरलं: पोट न उघडता, गुदद्वारातूनच, रोबोटने.

ही वाट तशी जुनी. जर्मनीत गेरहार्ड बुएस यांनी १९८०च्या दशकातच गुदद्वारातून धातूची जाड नळी घालून दुर्बिणीने अशा गाठी काढायला सुरुवात केली. पुढे २०१० साली फ्लोरिडाच्या सर्जननी नळीऐवजी मऊ पोर्ट, म्हणजे हत्यारं आत घालायचं झाकण, आणि लॅप्रोस्कोपीची नेहमीची हत्यारं वापरून ‘टॅमिस’ ही पद्धत मांडली. रोबोट त्यानंतर जोडला गेला. पुढच्या भिंतीवरच्या गाठीला त्याचा खरा उपयोग. पेशंट उताणा, पाय वर बांधलेले, म्हणजे गाठ छताला. सरळ हत्याराने छताला टाके घालणं फार अवघड, म्हणून पूर्वी अशा पेशंटला पालथं करायचे आणि भूलतज्ज्ञांची बोलणी खायचे. रोबोटच्या हत्याराला मनगट असतं, ते छताकडे वळतं.

लोकांना वाटतं यंत्र आपलं आपण कापतं. आमच्याच लॉबीतला फलक वाचला तर डॉक्टरांनाही तसंच वाटेल. आमचे सर, म्हणजे मुख्य सर्जन, कोपऱ्यातल्या कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलावर, चपला काढून, डोकं आत घालून बसलेले असतात. त्यांना चित्र थ्रीडी दिसतं, पण आमच्या यंत्रावर हाताला काही जाणवत नाही. टाका किती ओढला ते डोळ्यांनीच ओळखायचं. आणि पेशंटच्या दोन पायांच्या मध्ये, ठेंगण्या स्टुलावर, रोबोटचे हात डोक्यावर घेऊन बसते ती मी. पोर्ट कातडीला टाक्यांनी बांधायचा, हत्यारं बदलायची, हात एकमेकांवर आपटले की ओरडायचं, धूर ओढायचा. धूर जास्त ओढला की आतला वायू जातो आणि गुदाशय लोहाराच्या भात्यासारखा मिटतो-उघडतो. नेमका सर कापत असताना. सतत वायू सोडणारा पंप आल्यापासून ते बरंच थांबलंय. तो मागवायला खरेदी विभागाने किती फेऱ्या मारायला लावल्या, तो वेगळा विषय.

त्या दिवशी मात्र सगळं जमून आलं. गाठीभोवती सेंटिमीटरभर सोडून कॉटरीचे, म्हणजे विजेने जाळून केलेले ठिपके, मग भिंतीची पूर्ण जाडी कापत मागची पिवळी चरबी दिसेपर्यंत. पुढच्या बाजूला प्रोस्टेट, आणि थोडं वर गेलं तर पोटाची पोकळीच उघडते. सरांचा हात एकदाही घसरला नाही. भोक काटेरी दोऱ्याने आडवं शिवलं, म्हणजे मार्ग अरुंद होत नाही.

नंतरचं काम माझं, आणि ते मी कुणाला करू देत नाही. निघालेला तुकडा तसाच फॉर्मालिनमध्ये टाकला तर कडा आत वळतात, मग पॅथॉलॉजिस्ट कापलेली कड कुठली ते सांगू शकत नाही. मी तो थर्मोकोलवर ताणून चारी बाजूंनी सुया टोचते, वरची-खालची-डावी-उजवी बाजू लिहिते आणि थर्मोकोल पालथा तरंगत ठेवते. ज्युनिअर मुलांना हे कारकुनी वाटतं.

काका दुसऱ्या दिवशी वॉर्डात फिरत होते. अंगावर एक टाका दिसत नाही म्हणून मुलगा खूश.

मग रिपोर्ट आला. कडा चारी बाजूंनी स्वच्छ, तळ स्वच्छ. पण गाठीच्या मधोमध कॅन्सर, सबम्यूकोसाच्या, म्हणजे आतल्या अस्तराखालच्या थराच्या, पार तळापर्यंत, शिवाय ‘बडिंग’, म्हणजे पुढच्या कडेला पेशींचे सुटे पुंजके. पाणी टोचूनही गाठ उचलली का गेली नाही, ते आता कळलं: कॅन्सरने ती खाली धरून ठेवली होती. बायोप्सीचा चिमटा वरवरचंच उचलतो. इतक्या खोल गेलेल्या गाठीत आजूबाजूच्या लसिकाग्रंथींत कॅन्सर असण्याची शक्यता साधारण दहा-वीस टक्के, आणि त्या या वाटेने निघतच नाहीत. म्हणजे गुदाशय काढायची मोठी शस्त्रक्रिया, काही महिने तरी पोटावर शौचाची पिशवी. शिवाय आम्ही नुकतंच जिथे इतकं देखणं काम केलं होतं तिथेच आता व्रण धरणार, आणि पुढच्या सर्जनला थर सापडणं अवघड होणार.

मुलगा म्हणाला, “रोबोटने काढलं ना सगळं?”

काकांनी दोनच गोष्टी विचारल्या. पिशवी लावून रात्री उसाला पाणी द्यायला जाता येतं का? येतं, मी सांगितलं. मग, “मॅडम, शंभरातल्या ऐंशी जणांत काही सापडत नसेल तर त्यांचं उगाच कापता का?” खरं उत्तर ‘हो’ असंच आहे. ते ऐंशी कोण, हे आधी ओळखायची सोय नाही. मी तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मोठ्या शस्त्रक्रियेला नको म्हणाले.

आता दर तीन महिन्यांनी ते येतात: बोटाने तपासणी, दुर्बीण, रक्ताची सीईए (कॅन्सर परतला का ते बघायची तपासणी), ठरल्याप्रमाणे एमआरआय. आतापर्यंत स्वच्छ आहे. सरांच्या मते हा जुगार आहे, आणि आकडे सरांच्या बाजूने आहेत. पण केसपेपरवर त्यांनी मोठ्या अक्षरांत ‘पेशंटने सल्ला नाकारला’ असं लिहून अंगठा घेतलाय. काकांना सही येते. आणि इतका नीट हिशेब विचारणारा पेशंट मी तरी क्वचितच पाहिलाय.