डिकीतली खडखड आणि काळे स्क्रू

गणपतीच्या आधी आमच्या कुर्ल्याच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. कोकणात निघणाऱ्या प्रत्येकाला गाडीतला साउंड ठणठणीत करून हवा असतो. अशाच एका दुपारी एक काका आले. रात्रीच सावंतवाडीला निघायचं होतं. "बेस आला की डिकीत खडखडतं. वूफर फाटलाय, नवाच टाका," म्हणाले.

बारा इंची वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, सहा सुती एमडीएफच्या फळ्यांच्या सीलबंद बॉक्सवर बसवलेला. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, हळूच दाबून पाहिला, तर कुठे घासत नव्हता. रबराची कडा शाबूत. मग तीस हर्ट्झचा टोन लावला आणि देवघरातली उदबत्ती वूफरच्या फ्रेमच्या, म्हणजे बॉक्सला स्क्रूने बसणाऱ्या कड्याच्या, कडेने फिरवली. खालच्या बाजूला धूर आत ओढला जायचा, लगेच बाहेर फेकला जायचा. हवा तिथूनच ये-जा करत होती. वूफर फाटलेला नव्हता, सुटत आला होता.

वूफर बाहेर काढायला घेतला आणि माझा जीव वर आला. आठांपैकी दोन स्क्रूंची डोकी नुसती भोकात बसलेली, खालचा दांडा लाकडात तुटून राहिलेला. तीन जागी आटे गेलेले. स्क्रू बोटाने फिरत होता. लोहचुंबकासकट आठेक किलोचं धूड उरलेल्या तीन स्क्रूंवर उभं लटकत होतं. मागच्या सीटवर नातवंडं बसणार होती.

ज्याने कोणी बसवलं होतं त्याने जिप्समचे काळे स्क्रू मारले होते. फॉल्स सीलिंगला ते उत्तम, पण इथे त्यांचं काम नाही. ते कडक केलेल्या पोलादाचे असतात, त्यामुळे वाकत नाहीत, तुटतात. त्यात त्यांचं डोकं खालून निमुळतं. फ्रेमचं भोक सपाट असतं. निमुळतं डोकं त्यात पाचरीसारखं घुसतं, फ्रेमला एका बाजूला ढकलतं आणि दाब फक्त भोकाच्या कडेवर येतो. वर सेकंदाला तीस-चाळीस वेळा हादरा. डोकं उडणारच. फ्रेमवर पूर्ण टेकेल असं खालून सपाट डोकंच हवं: पॅन हेड, नाहीतर खाली वायसर.

साध्या कामाला मी आठ नंबरचे, मोठ्या आट्यांचे पॅन हेड लाकडी स्क्रू वापरतो. आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडतो, शेवटचे फेरे हातानेच. एमडीएफ म्हणजे दाबलेला भुसा. ड्रिल मशीनने दणकून आवळला की आटे क्षणात पीठ होतात. आणि तोच स्क्रू परत लावताना आधी थोडा उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात 'टक्' करून बसला की मगच आवळायचा.

पण इथे लाकूडच गेलं होतं, आणि पुढे गोवा हायवेचे खड्डे. म्हणून टी-नट ठरवले, म्हणजे फळीच्या मागून बसणारे, दातेरी चकतीचे नट; पुढून त्यांत बोल्ट आवळायचे. जुन्या भोकांच्या नादी न लागता फ्रेम अर्ध्या अंतराने फिरवली, की आठही जागी कोरं लाकूड मिळालं. एम-५ चे टी-नट, तीस मिलिमीटरचे ॲलन बोल्ट. एक अडचण आलीच: भोकं कटआउटच्या, म्हणजे वूफरसाठी कापलेल्या गोल खाचेच्या, कडेला इतकी जवळ होती की नटाची चकती बाहेर डोकावत होती. तशीच ठोकली असती तर कडा फुटली असती. प्रत्येक चकतीची एक बाजू ग्राइंडरवर उतरवली. चकतीखाली इपॉक्सी गोंद लावला, आट्यात एक थेंबही जाऊ न देता. मग हातोडी न मारता बोल्ट आणि वायसर लावून नट हळूहळू आत ओढून घेतले. एमडीएफमध्ये टी-नटाचे दात फारसे धरत नाहीत. उद्या नट जागेवर फिरायला लागला, तर वूफर बसल्यावर मागे हात पोचत नाही, म्हणून हा खटाटोप. तोवर कटआउटच्या उघड्या कडेला फेविकॉलचा हात दिला. मुंबईच्या पावसाळी हवेत तीच कडा आधी फुगते.

वूफर बसवताना पोराला बजावलं, रबरावर तळहात आडवा धर. चुंबक ॲलन की खेचतो, आणि एकदा टोक घसरलं की खरोखरच नवा वूफर आणावा लागतो. बोल्ट पहिले दोन-तीन आटे बोटांनी, मग समोरासमोरचे, थोडे थोडे. फ्रेमखालची गॅस्केट, म्हणजे हवा अडवणारी मऊ पट्टी, सगळीकडून सारखी दबली. पुन्हा तोच टोन, पुन्हा उदबत्ती. धूर सरळ वर गेला. बॉक्सही डिकीत मोकळाच होता, तो एल-पट्ट्यांनी जखडला.

काकांनी दोनदा विचारलं, "म्हणजे नवा नको?" नको म्हटलं. फक्त गावाहून आल्यावर एक चक्कर मारायला सांगितली. गॅस्केट बसली की बोल्ट किंचित सैल होतात, तेव्हा पुन्हा पाव फेरा द्यावा लागतो, तोही हातानेच.