पिशवी तरंगली नाही

आज गंगापूर रोडच्या आमच्या स्वयंपाकघरात सू-व्हीड चिकन, म्हणजे हवाबंद पिशवीत घालून कमी तापमानाच्या पाण्यात सावकाश शिजवलेलं चिकन, पहिल्यांदा मनासारखं झालं. मागच्या दोन रविवारी पिशवीनेच घात केला होता. हवा खेचणारं घरगुती मशीन पातळ मसालाही ओढतं, सीलच्या जागी ओल येते, प्लास्टिक चिकटत नाही. मग पिशवी फुगून तरंगते आणि वरची बाजू कच्ची राहते.

यावेळी आईचं हिरवं वाटण रात्रीच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. सकाळी इंचभर जाडीचे ब्रेस्टचे तुकडे, त्यावर वाटणाच्या वड्या, हवा काढून दोनदा सील. लसूण घातलाच नाही, इतक्या कमी तापमानाला तो कच्चा आणि उग्र लागतो. पाणी 63 अंशांवर, दीड तास, शेवटी तापलेल्या तव्यावर मिनिटभर.

"अगं, 63 अंशांना कोंबडी शिजते होय?" आईची शंका रास्तच. 74 अंशांना जंतू लगेच मरतात, 63 ला त्यांना वेळ द्यावा लागतो, म्हणून तर दीड तास.

मशीन नसेल तर जाड झिपची पिशवी तोंड जरा उघडं ठेवून हळूहळू पाण्यात बुडवा, दाबाने हवा निघून जाते. बाजारहाटाची पातळ पिशवी मात्र कृपा करून वापरू नका.

उरलेली पिशवी लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रीजमध्ये ठेवली. हवा काढली म्हणून अन्न बाहेर टिकत नाही. ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतूही असतात आणि ते फार घातक.

आईने भाकरीबरोबर खाल्लं. दुसरा तुकडा स्वतःहून घेतला.