पँट्रीच्या भिंतीवर माझा पगार

आमच्या न्यू जर्सीच्या ऑफिसात, पँट्रीतल्या मायक्रोवेव्हच्या वर, गेल्या वर्षी एक दिवस माझा पगार चिकटवलेला दिसला.

नाव नव्हतं. हुद्दा, कामाचं ठिकाण, तारखा आणि डॉलरमधला आकडा. पण त्या मजल्यावर तेव्हा व्हिसाची मुदतवाढ चाललेली मी एकटीच, त्यामुळे नाव लिहिलं काय नि नाही काय. एच-वन-बीचा, म्हणजे परदेशी माणसाला इथे नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसाचा, नियमच आहे तसा: कामाच्या जागी दोन ठिकाणी ही नोटीस दहा दिवस लावायची. बाहेरच्या माणसाला स्वस्तात राबवून घेत नाहीत ना, हे इथल्या लोकांना पाहता यावं म्हणून.

मी पोह्यांचा डबा गरम करत होते. टीममधला साठीला टेकलेला एक डेव्हलपर मागे येऊन उभा राहिला. चष्मा खाली ओढून त्याने सगळा कागद वाचला आणि म्हणाला, "फारच कमी देतात की तुला." टोमणा असता तर परवडला असता. त्याच्या आवाजात काळजी होती. माझी की त्याची स्वतःची, ते मात्र कळलं नाही.

कमी होताच. सरकार प्रत्येक भागासाठी प्रत्येक कामाच्या पगाराच्या चार पायऱ्या ठरवतं. माझी दुसरी. तेच काम करणारे शंभर जण पगाराच्या क्रमाने उभे केले, तर दुसरी पायरी खालून चौतिसाव्या माणसापाशी येते आणि पहिली सतराव्यापाशी. म्हणजे मधल्या माणसाहून कमी देऊनही कंपनी कायद्याला धरूनच असते!

त्याने २०१५ची आठवण काढली. ऑर्लँडोत डिस्नेने आयटीतल्या सुमारे २५० लोकांना काढलं, आणि जाता जाता अनेकांना आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवावं लागलं. येणाऱ्यांत व्हिसावरचे भारतीय होते. इथल्या आयटीवाल्यांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही, आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. बाउंड, खन्ना आणि मोरालेस या अर्थतज्ज्ञांचा हिशेब असा, की हे परदेशी लोक आले नसते तर २००१ साली इथल्या कॉम्प्युटरवाल्यांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते. याच हिशेबात गिऱ्हाइकांचा फायदाही आहे, पण पँट्रीत गिऱ्हाईक भेटत नाही, सहकारी भेटतो.

मला विचाराल तर पगार खाली ओढणारी खरी गोष्ट त्या कागदावर नसतेच. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. स्वतःहून बदलली तर नवी कंपनी ग्रीनकार्डाचे कागद पहिल्यापासून करणार. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीनकार्डं नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग मारुतीच्या शेपटासारखी. अशा माणसाची वाढ मागताना जीभ रेटत नाही, आणि मॅनेजरला ते पक्कं ठाऊक असतं.

मग १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. ट्रम्पचा हुकूम आला: एच-वन-बीच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर, म्हणजे साधारण ८८ लाख रुपये. ते फक्त नव्या अर्जांना, हा खुलासा शनिवारी आला. तोवर सुट्टीवर गेलेले लोक मिळेल त्या विमानाने परतत होते. रविवारी सर्वपित्री अमावस्या. आईचा फोन, "तू कुठे जाऊ नकोस गं, आहेस तिथेच थांब." आयुष्यभर "कधी येतेस" विचारणारी ही बाई!

सोमवारी कॉफी ओतताना तोच सहकारी म्हणाला, "तुझ्या जागी तिकडून नवा माणूस आणायला आता लाख डॉलर पडतील. आजच जा आणि वाढ माग." स्वतःचंही त्यात थोडं हित आहे, हे त्याने हसत कबूल केलं.

मी अजून गेलेले नाही.