पाईनची नोंद ७ : मुळांना ‘वाय’ फुटला

मंडळी, फुटला! काल रात्री पाईनच्या पाच नंबरच्या पिशवीतली माती काडीने उकरून सोनाराच्या भिंगाखाली धरली. (मोबाईलला लावायची ती सूक्ष्मदर्शक लेन्स म्हणजे पैसे पाण्यात.) बारीक मुळांची टोकं इंग्रजी ‘Y’सारखी दुभंगलेली, वर कापसासारखे पांढरे धागे. बायको वाकून म्हणाली, “अगं बाई, बुरशी लागली की!” लागलीच. तिच्यासाठीच तर जीव टांगणीला होता.

मागचं रडगाणं आठवत असेल. कॅरिबियन पाईनची १९ रोपं बोटभर झाली आणि तिथंच थांबली. सुया, म्हणजे पाईनची पानं, आधी फिक्या, मग जांभळट, फॉस्फरसची बोंब. डीएपी खताचे चार दाणे टाकले, तर दोन रोपं करपली. मग माझी अक्कल : किनाऱ्यावरच्या सुरूखालची माती आणून घातली. दिसायला सारखंच ना! पण सुरू मुळात पाईनच नव्हे. त्याची ‘सुई’ म्हणजे सांध्यासांध्यांची हिरवी काडी, पानं म्हणजे त्या सांध्यांवरचे इवले खवले. मुळांवरच्या गाठी नत्र धरणाऱ्या फ्रँकिया नावाच्या जिवाणूच्या. त्या माझ्या पाईनच्या काय कामाच्या? आपल्या जांभ्याच्या मातीत फॉस्फरस लोखंडाला चिकटून बसतो आणि पाईनला तो मिळवून देते त्याची स्वतःची बुरशी. ती इथे असणार कुठून? उष्ण मुलखातल्या पाईनच्या कितीतरी लागवडी सुरुवातीला याच पायी फसल्या होत्या.

उत्तराखंडात नोकरीला असलेला मित्र गणपतीला घरी आला, तो चिडाखालची (चीड म्हणजे तिकडचा पाईनच) डबाभर माती घेऊन. नऊ पिशव्यांत दोन-दोन चमचे घातली, आठ तशाच ठेवल्या. दिवाळी झाली, नवांतली सात हिरवीगार, आठ अजून जांभळीच. आणि पाच नंबरला पहिली तीन सुयांची जुडी! इतके दिवस नुसत्या सुट्या सुया होत्या.

मुलाला सांगितलं, तुझ्या सोल्डरच्या तारेतली राळ पाईनच्याच चिकातली. म्हणाला, “मग काढा की.” या काड्यांतून? पुढच्या जन्मी.

पुढच्या खेपेला काळ्या पिशव्या बंद, मुळं तळाशी गोल फिरतात. रूटट्रेनर घेईन, मुळं सरळ खाली नेणारे रोपांचे कप्पे. बियाणेवाला मात्र बदलणार : ४० चे पैसे, ३७ बिया.

उरलेल्या आठांनाही आज माती घालणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं : पाच नंबर आणि एक जांभळं रोप एकाच टोपलीत लावलं तर? बुरशी आपली आपण पलीकडे जाते का, तेही कळेल. टोपली शोधतोय. आईने बजावलंय, काजूच्या टोपलीला हात लावायचा नाही.